सॅव्हानाच्या जमिनीचा कस : आधी शेणखत की आधी युरिया?

मृद्गंध : पश्चिम आफ्रिकेच्या सॅव्हाना (विरळ झाडांच्या गवताळ) पट्ट्यातील खत-धोरणाचा सगळा हिशेब पोत्यांत होतो, हे मला खटकते. आफ्रिकी देशांच्या २००६ च्या अबुजा जाहीरनाम्यात खतातून हेक्टरी सरासरी ८ किलो अन्नद्रव्यांवरून ५० किलोंवर जाण्याचे उद्दिष्ट ठरले. पण ती अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद जमिनीत आहे का? तिथली माती बरीचशी रेताड आहे आणि तिच्यातील चिकणमाती केओलिनाइट जातीची, म्हणजे अन्नद्रव्ये फारशी न धरणारी, त्यामुळे ते काम मुख्यतः ह्यूमसवर (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थावर) येऊन पडते, आणि सेंद्रिय कर्ब तर बहुतेक शेतांत एक टक्क्याहूनही कमी असतो. बुर्किना फासोतील सारिया येथे १९६० पासून चाललेल्या प्रयोगात नुसत्या रासायनिक खतावर ज्वारी घेतलेली जमीन आम्ल होत गेली. म्हणून आधी शेणखत, मग युरिया.

हिशेबी : क्रम मान्य, पण शेणखत आणणार कुठून? सुक्या शेणखतात नत्र साधारण एक टक्का धरले, तर हेक्टरी ५ टन टाकून ५० किलो नत्र मिळते, आणि तेही त्याच हंगामात सगळे पिकाच्या हाती लागत नाही. शिवाय गाय नत्र तयार करत नाही. माळावरचे चरून ते शेतात आणून टाकते. फुलानी गुराख्यांचे कळप सुगीनंतर शेतात बसतात (आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या बसवतात, तसेच), तेव्हा शेताचा कस वाढतो आणि माळाचा तेवढाच उतरतो. स्फुरदाचे (फॉस्फरसचे) तर विचारूच नका : माळाच्या मातीतच स्फुरद कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून शेणातही कमी. ही तूट बाहेरून आणलेल्या खताशिवाय भरून निघणार नाही.

कोरडवाहू : दोघांच्याही बोलण्यातून कडबा सुटला. तो जमिनीत गाडा असे सांगणे सोपे आहे, पण तिथे ज्वारीची ताटे कुंपणाला, छपराला आणि चुलीला लागतात, आणि उरलेली गुरे खातात. घरालगतच्या शेताला राख, केरकचरा आणि शेण मिळते. लांबच्या शेताला काहीच नाही, कारण वाहून नेणार कोण? एकाच शेतकऱ्याच्या दोन तुकड्यांत इतका फरक असताना, सगळ्या पट्ट्याला एकच मात्रा सांगणारे शिफारसपत्रक मला फारसे उपयोगाचे वाटत नाही.

मृद्गंध : हिशेबी, स्फुरदाचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी मागे घ्यायला लावणार नाही. नत्राबाबत मात्र माझे म्हणणे कायम आहे. अमोनियमचे नायट्रेट होताना आम्ल सुटते, आणि पिकाने न उचललेले नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली जाताना कॅल्शियम व मॅग्नेशियमही घेऊन जाते. सामू (पीएच) बराच उतरला, म्हणजे जमीन फार आम्ल झाली, की ॲल्युमिनियम मोकळे होऊन मुळे खुंटतात. मग पोती वाढवली तरी ती उचलायला मूळच उरत नाही.

हिशेबी : आम्लतेवर चुना आहे की. तो शेतापर्यंत पोहोचवणे परवडते का, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो मातीचा नव्हे, रस्त्यांचा आहे.