आंबा पल्प युनिटच्या कोब्यावर इपॉक्सी-क्वार्ट्झ: पावसाळ्यात फोड येतात, काय करावं?

पल्पवाले_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आंबा पल्प आणि कॅनिंगचं युनिट आहे. प्रोसेसिंग हॉल ११०० चौरस फूट. खाली जांभ्याचा भराव, त्यावर १०० मिमी काँक्रीट, वर कोबा. पंधरा वर्षांपूर्वीचं काम, काँक्रीटखाली प्लास्टिक कागद घातलेला नाही. दोन वर्षांपूर्वी हंगाम संपल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, दोन हात इपॉक्सी पेंट मारून घेतला. ऑगस्टमध्ये रुपयाएवढे फोड आले. पुढच्या हंगामात केटलखालचा (पल्प शिजवायच्या भांड्याखालचा) भाग तर पत्रे निघावेत तसा सोलून निघाला.

आता दोन कोटेशन्स आहेत: एक २ मिमी सेल्फ लेव्हलिंग इपॉक्सीचं, दुसरं ३ मिमी इपॉक्सी-क्वार्ट्झचं (इपॉक्सीत क्वार्ट्झची वाळू टाकून केलेली खरखरीत फरशी). फरशीवर पल्प आणि साली पडतात, रोज गरम पाण्याने धुणं, आठवड्यातून कॉस्टिक सोडा, नंतर क्लोरीनचं पाणी. वाहतूक फक्त क्रेट आणि हँड पॅलेट ट्रॉलीची. माणसं गमबूट घालतात, तरी घसरतात. क्वार्ट्झ घ्यावं का? घेतलं तर कोणत्या महिन्यात, आणि पुन्हा फोड येऊ नयेत म्हणून आधी काय तपासायचं?

फ्लोअरिंग_सांगली

सेल्फ लेव्हलिंग आधी यादीतून काढा. ते काचेसारखं गुळगुळीत असतं. ओल्या आंब्याच्या सालीवर त्यावर पाय टिकणार नाही. धुण्याच्या हॉलला क्वार्ट्झच हवं. पण क्वार्ट्झ घसरण्यावरचा उपाय आहे. फोडांचं कारण वेगळं आहे आणि ते कोटेशन मंजूर करायच्या आधी शोधावं लागेल.

सुटलेल्या पापुद्र्याचा एक तुकडा घेऊन उलटा करा. पाठीला राखाडी सिमेंटचा भुगा चिकटून आला असेल, तर पेंट कोब्यावरच्या सिमेंटच्या सायीला धरून होता आणि सायच उखडली. म्हणजे ग्राइंडिंग झालंच नाही. पाठ स्वच्छ आणि चकचकीत असेल, तर लेप काँक्रीटला धरलाच नव्हता: ओल, तेल किंवा घोटून गुळगुळीत केलेला कोबा. आणि एखादा न फुटलेला फोड सुईने टोचून पाहा. आतून चिकट, पिवळसर पाणी आलं तर ते खालून आलेलं आहे. काँक्रीटमधले क्षार आणि लेपाच्या तळाशी राहिलेली विरघळणारी द्रव्यं पाणी ओढत राहतात आणि लेप उचलला जातो. असे फोड नुसते कापून पॅच मारले तर शेजारी नवे येतात.

ओलीची तपासणी अशी करा. ४५ सेंमी बाय ४५ सेंमी जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा, किमान १६ तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर ओल आहे. पण कागद कोरडा निघाला म्हणून निश्चिंत होऊ नका, त्याला स्लॅबच्या पोटातली ओल कळत नाही. त्यासाठी आर्द्रता प्रोब: स्लॅब एकाच बाजूने सुकत असेल तर जाडीच्या ४० टक्के खोलीवर, म्हणजे तुमच्या १०० मिमीला ४० मिमी खोल भोक, नळी बसवून तोंड बंद, आणि २४ तासांनी वाचन. साध्या इपॉक्सीला साधारण ७५ ते ८० टक्क्यांपर्यंत चालतं. मालाच्या माहितीपत्रकात आकडा दिलेला असतो, तोच अंतिम धरा.

कोकणातला खरा घोळ पुढे आहे. फेब्रुवारीत मोजलंत तर आकडा चांगला येईल. जांभ्यात पाणी जुलै-ऑगस्टमध्ये चढतं. एक वाचन भर पावसात घ्या आणि निर्णय त्या आकड्यावर घ्या. काम मात्र डिसेंबर ते फेब्रुवारीतच.

इपॉक्सी_केमिस्ट

जूनमधल्या कामाबद्दल हिशेब मांडतो. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) साधारण २५ अंश. नियम असा की फरशीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. बंद हॉलमधला जमिनीलगतचा कोबा २७ अंशांवर असला, तर फरक दोनच अंशांचा. डोळ्याला दिसत नाही असा दमटपणा त्यावर बसू शकतो. त्याच २८ अंशांना आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू साडेएकोणीसवर येतो आणि काम निवांत होतं.

दमट हवेत आणखी एक गोष्ट घडते. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून वर मेणचट, पांढरट थर धरतं. त्यावर दुसरा हात मारला की दोन हात एकमेकांपासून सुटतात. हा थर थिनरने पुसू नका, तो नुसता पसरतो. कोमट पाण्याने घासून धुवा, पूर्ण वाळवा, हलका घासा, मग पुढचा हात.

फ्लोअरिंग_सांगली

आता ३ मिमी क्वार्ट्झची पद्धत. तुमचे ११०० चौरस फूट म्हणजे १०२ चौरस मीटर.

पृष्ठभाग: व्हॅक्यूम जोडलेला डायमंड ग्राइंडर किंवा शॉट ब्लास्ट (पोलादी छर्रे मारून पृष्ठभाग खरवडणं). जुना पेंट आणि साय पूर्ण काढा, हात फिरवल्यावर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं पाहिजे. पाण्याचे थेंब टाकून बघा: मिनिटाभरात मुरले तर ठीक, मोत्यासारखे उभे राहिले तर तेल आहे, तिथे डिग्रीझरने धुऊन पुन्हा ग्राइंड. कोबा ठोकून पाहा, पोकळ वाजेल तिथला उखडून इपॉक्सी मॉर्टरने भरा. जमलं तर पुल-ऑफ टेस्ट (चिकटवलेली चकती ओढून पकड मोजणं) करून घ्या, १.५ मेगापास्कलच्या खाली तुटला तर वर काहीही लावलं तरी कोब्यासकट निघेल.

प्रायमर ०.३५ किलो प्रति चौरस मीटर, एकूण ३५ ते ४० किलो. पिऊन घेतलेल्या कोरड्या चट्ट्यांवर पुन्हा हात. प्रायमर संध्याकाळी मारा. सकाळी मारलात तर दिवस चढेल तशी फरशी तापते, काँक्रीटच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं राहतात.

पहिला बॉडी कोट (मुख्य जाड हात) ०.७ किलो, दातेरी स्क्वीजीने (पसरायच्या पट्टीने) ओढायचा, खिळ्यांचे बूट घालून. दहा-पंधरा मिनिटांनी क्वार्ट्झ टाकायला घ्या: भट्टीत वाळवलेली २० ते ४० मेश वाळू, म्हणजे साधारण ०.४ ते ०.८ मिमी. नदीची किंवा बाहेर पडलेली वाळू नको, दाण्यावरच्या ओलाव्याने रेझिन दाण्याला धरत नाही. वाळू वर उडवून पावसासारखी पडू द्यायची. पेरल्यासारखी आडवी फेकली की ओल्या रेझिनमध्ये लाटा पडतात. कुठेही ओला काळपट डाग दिसेनासा होईपर्यंत टाकत राहा, चौरस मीटरला साडेतीन किलो तरी लागते. पुढची बॅच जिथे जोडायची तिथे १५ ते २० सेंमी पट्टा बिनवाळूचा ठेवा, नाहीतर जोडावर कायमचा उंचवटा दिसतो.

दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून, व्हॅक्यूम करून घ्या. एक तृतीयांश तरी परत निघते. वर आलेली टोकं घासा आणि तेच पुन्हा करा, या वेळी ०.८ किलो रेझिन. शेवटी सील कोट ०.५ ते ०.६ किलो. इथेच घसरणं ठरतं. सील जाड झाला तर दाणे बुडतात आणि फरशी पुन्हा गुळगुळीत होते, पातळ राहिला तर खाचांत पल्प अडकून काळं पडतं. आधी एक चौरस मीटरचा नमुना करून घ्या आणि ओल्या गमबुटाने त्यावर चालून बघा.

एकूण माल: रेझिन-हार्डनर मिळून २४० ते २५५ किलो, वाळू ७०० ते ७५० किलो, वर १० टक्के जास्त धरा.

मिक्सिंग मंद गतीच्या ड्रिलने, मिनिटाला ३०० ते ४०० फेरे, तीन मिनिटं. मग दुसऱ्या बादलीत ओतून पुन्हा एक मिनिट. पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेलं रेझिन राहतं आणि ते फरशीवर गेलं की तिथला चिकट ठिपका कधीच वाळत नाही. ३० अंशांना बादलीतला माल २० ते ३० मिनिटांत गरम होऊन धरतो, म्हणून मिसळला की लगेच फरशीवर ओता.

गवंडी_चिपळूण

ग्राइंडरचं भाडं परवडत नसेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड मारून धुतलं तर चालेल का? आमच्याकडे पुष्कळ जण तेच करतात.

इपॉक्सी_केमिस्ट

इथे नको. ॲसिडने पेंट निघत नाही आणि तेलावर ते काम करत नाही. ते धुवायला भरपूर पाणी लागतं आणि ते पाणी कोब्यात मुरतं, जे आपल्याला टाळायचं आहे. वर क्लोराइडचे क्षार आत राहतात आणि फोडांना खाद्य मिळतं. ग्राइंडिंगची धूळ मात्र सिलिकाची असते, फुप्फुसाला कायमची इजा करते. व्हॅक्यूमशिवाय काम करू देऊ नका. झाडू मारणाऱ्यालाही साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क द्या. हार्डनर हाताळताना नायट्राइलचे हातमोजे, आणि हात थिनरने धुवायचे नाहीत. एकदा त्वचेला ॲलर्जी बसली की त्या माणसाला इपॉक्सीचं काम कायमचं सोडावं लागतं.

पल्पवाले_रत्नागिरी

सगळ्यांचे आभार. तपासणी केली. फोडांतून चिकट पिवळं पाणी आलं. केटलपासच्या तुकड्यांची पाठ मात्र चकचकीत निघाली. आठ ठिकाणी प्लास्टिक लावलं, भर पावसात पाच ठिकाणी थेंब. प्रोबची वाचनं ८८ ते ९३ टक्के. आता क्वार्ट्झ सोडून द्यायचं का?

फ्लोअरिंग_सांगली

९३ टक्क्यांवर थेट इपॉक्सी लावायचा नाही. हॉलचे दोन भाग करा.

केटल, पाश्चरायझर आणि कॅन उकळण्याची टाकी, ही गरम बाजू. नेहमीचं इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतं, आणि उष्णतेने काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त पसरतं. उकळतं पाणी पडलं की पसरतं, गार पाणी मारलं की आकसतं, आणि कडेपासून सुटतं. तुमच्याकडे मुळात पकड कमी होती, त्यात हे. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीट घाला. ६ मिमी साधारण ८० अंशांपर्यंतच्या सांडण्याला पुरतं, टाकीखाली ९ मिमी. ते ओलसर काँक्रीटही बऱ्यापैकी सहन करतं. जिथे ते संपतं, आणि गटाराच्या दोन्ही बाजूंना, जाडीच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट खोल खाच कापून माल आत भरा. खाच नसेल तर पहिली कड तिथूनच उचलते.

उरलेल्या थंड भागात ग्राइंडिंगनंतर तीन भागांचं इपॉक्सी-सिमेंट किमान २ मिमी, ते ओल अडवतं, आणि त्यावर वर सांगितलेलं क्वार्ट्झ. खर्च जवळपास सारखा येत असेल तर मी सगळीकडे पीयू काँक्रीटच करीन आणि घसरू नये म्हणून त्यात क्वार्ट्झ टाकीन. एकच माल, जोड कमी.

भिंतीला १०० मिमी उंच वाटा (फरशी-भिंतीच्या कोपऱ्यात गोलाई) काढा, कोपऱ्यात पल्प आंबणार नाही. गटाराकडे ढाळ शंभराला एक तरी हवा, तो आधी कोब्यात दुरुस्त करा, लेपाने ढाळ देता येत नाही. काँक्रीटमधले जुने सांधे लेपाखाली गाडू नका. काम झाल्यावर त्याच रेषेवर कटर चालवून पीयू सीलंट भरा. लोडिंगच्या दारापाशी ऊन येतं, तिथे इपॉक्सी पिवळं पडून भुकटी सुटते. त्या पट्ट्यात सील कोट ॲलिफॅटिक पीयूचा (उन्हात पिवळं न पडणाऱ्या प्रकारचा) घ्या.

आणि ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्ये रोजची चार वाचनं लिहून घ्या: हवा, आर्द्रता, फरशीचं तापमान, दवबिंदू. काम सुरू करताना, दुपारी आणि शेवटचा हात मारताना.

पल्पवाले_रत्नागिरी

ठरलं. जानेवारीत सगळीकडे पीयू काँक्रीट, टाकीखाली ९ मिमी. एकच विचारतो, गरम पाण्याने धुणं कधी सुरू करायचं?

फ्लोअरिंग_सांगली

चालणं दुसऱ्या दिवशी, ट्रॉली दोन दिवसांनी. गरम पाणी आणि कॉस्टिक सात दिवसांनंतर. गटाराच्या जाळ्या काम सुरू व्हायच्या आधी आणून ठेवा. चौकट मागाहून ठोकून बसवली की नव्या कडा तडकतात.