फॅन आर्ट दाखवताना नेमके काय विचारावे
आपण बारावीत आहात, आवडत्या अ‍ॅनिमे पात्रांची चित्रे काढून सर्वांना दाखवता, पण "छान" याखेरीज उत्तर मिळत नसल्याने अ‍ॅनिमेशनकडे वळावे की नाही हे ठरत नाही, असे आपण लिहिले आहे. "कसे वाटले?" असे विचारले की लोक कौतुकच करतात, त्याऐवजी "शरीराचा भार कोणत्या पायावर आहे असे वाटते?" असे विचारून पाहा, म्हणजे कुठे दुरुस्ती हवी ते कळेल.

फॅन आर्ट हा मनापासून केलेला रियाज आहे, परंतु त्यात पात्राची रचना दुसऱ्याने आधीच केलेली असते. अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागोमाग दिसणारी स्थिर चित्रे, लागतात, एकच चित्र सलग दोन फ्रेम दाखवले तरी 12 चित्रे काढावी लागतात, आणि त्या प्रत्येकात तेच नाक, तीच उंची, तोच खांदा टिकवावा लागतो. म्हणून तेच पात्र बाजूने आणि पाठमोरे काढा, त्याला जड ओझे उचलायला लावा. दादरच्या फुलबाजारात पहाटे टोपल्या उचलणाऱ्या माणसांची दोन-दोन मिनिटांत केलेली रेखाटने मला यासाठी फार उपयोगी पडली.

पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागात बारावीनंतर यूसीड परीक्षेतून डिझाइनच्या पदवीला प्रवेश मिळतो. तिथल्याच अ‍ॅनिमेशनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सीड ही वेगळी प्रवेश परीक्षा असते. त्याआधी पाच सेकंदांचा तुकडा, म्हणजे 60 चित्रे, पूर्ण करून दाखवा. मी त्यावर सविस्तर लिहीन.