पोर्ट फॉरवर्डिंग करूनही रेडिओ बाहेरून जोडला जात नाही

प्रश्न: माझा आयकॉम कंपनीचा ट्रान्सीव्हर (संदेश पाठवणारा व घेणारा रेडिओ) घरच्या नेटवर्कवर लॅपटॉपवरून व्यवस्थित चालतो, परंतु मोबाइल डेटावरून जोडणी होत नाही. राउटरमध्ये ५०००१, ५०००२ आणि ५०००३ हे पोर्ट (जोडणीचे क्रमांकित मार्ग) रेडिओच्या स्थानिक पत्त्याकडे वळवले आहेत, तरी पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळावर ते बंदच दिसतात.

उत्तर १: त्या निकालावर विसंबू नका. हे तिन्ही पोर्ट यूडीपी या माहिती पाठवण्याच्या पद्धतीचे आहेत आणि अशी बहुतेक संकेतस्थळे केवळ टीसीपी ही दुसरी पद्धत तपासतात. आधी राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर सेवादात्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे, आणि मग राउटरमध्ये कितीही नियम लिहिले तरी उपयोग होणार नाही.

प्रश्नकर्ता: तेथे १९२.१६८.१.५ दिसते.

उत्तर २: हा घरगुती नेटवर्कचा खासगी पत्ता आहे, म्हणजे पुढचा मोडेमही राउटरचे काम करतो आहे. त्याला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो राउटरचे काम न करता जोडणी फक्त पुढे देईल, अन्यथा दोन्ही उपकरणांवर पोर्ट वळवावे लागतील. त्यानंतर वॅन पत्ता पुन्हा तपासा. नियंत्रण चालते पण आवाज येत नाही असे झाले, तर ५०००३ चा नियम पाहा, कारण ध्वनी त्याच पोर्टवरून येतो.

उत्तर ३: माझ्या मते राउटरवर वायरगार्ड (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित खासगी जोडणी देणारे व्हीपीएन) बसवून केवळ त्याचाच एक यूडीपी पोर्ट उघडावा. प्रसारणाची जबाबदारी परवानाधारकाची असते, त्यामुळे प्रेषकाचे नियंत्रण थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे मला मुळीच योग्य वाटत नाही.