पायकायरो सोर्सवरून बिल्ड करायचं आहे (लिनक्स, मॅक, विंडोज): सल्ला हवा

तिरकी_रेघ

नमस्कार मंडळी. आमचं पायथनमध्ये लिहिलेलं एक साधन आहे. मोजमापांच्या आकड्यांवरून ते आकृत्या काढतं आणि पीडीएफ, एसव्हीजी फायली बनवतं. चित्र काढायचं काम कायरो ही लायब्ररी करते आणि पायथनातून तिच्यापर्यंत पोचायला आम्ही पायकायरो वापरतो. साधन वापरणारे कोणी उबंटूवर आहेत, कोणी मॅकवर, कोणी विंडोजवर.

विंडोजवर 'पिप इन्स्टॉल पायकायरो' म्हटलं (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) की लगेच काम होतं. तीच आज्ञा उबंटूवर दिली की बिल्ड सुरू होतं आणि 'डिपेंडन्सी कायरो नॉट फाउंड' म्हणून थांबतं. कायरो त्या मशीनवर आहे, हे नक्की. तिथला डेस्कटॉपच ती वापरतो. मॅकवर बिल्ड पूर्ण होतं, पण इम्पोर्ट करताना 'इनकम्पॅटिबल आर्किटेक्चर' असा एरर येतो.

सगळीकडे एकच आवृत्ती राहावी म्हणून कायरोसुद्धा सोर्सवरून बिल्ड करावी का? आणि तिन्हीकडे चालेल अशी एकच रीत आहे का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी जरूर सांगा.

मेकफाइल

कायरो स्वतः बिल्ड करू नका. सिस्टिमने दिलेली कायरो घ्या आणि तिच्यावर फक्त बाइंडिंग, म्हणजे पायथनला तिच्याशी जोडणारं पायकायरो, बिल्ड करा. कायरो बिल्ड करायची तर पिक्समन, फ्रीटाइप, फॉन्टकॉन्फिग, लिबपीएनजी, झेडलिब हे सगळं ओघाने आलंच. त्यातल्या प्रत्येकाच्या सुरक्षा दुरुस्त्या मग तुमच्या गळ्यात पडतात.

विंडोजवर पटकन झालं, कारण तिथे तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) मिळतं आणि त्यात कायरो आतच असते. लिनक्स आणि मॅकसाठी पिप सोर्स उतरवून तुमच्याच मशीनवर कंपाइल करतो. चालवायला लागते ती कायरो आणि कंपाइल करायला लागते ती कायरो ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत. डेस्कटॉपसाठी आहे ती नुसती शेअर्ड लायब्ररी. कंपाइल करायला लागणाऱ्या हेडर फायली आणि लायब्ररी कुठे आहे ते पीकेजी-कॉन्फिगला सांगणारी '.पीसी' फाइल डेव्हलपमेंट पॅकेजात असतात. उबंटू-डेबियनवर 'लिबकायरो२-डेव्ह', 'पीकेजी-कॉन्फिग' आणि 'पायथन३-डेव्ह' घाला. फेडोरावर त्यांची नावं 'कायरो-डेव्हेल' आणि 'पायथन३-डेव्हेल' अशी आहेत. आर्चवर वेगळं डेव्हलपमेंट पॅकेज नसतं, 'कायरो' घेतलं की हेडर सोबत येतात.

त्यानंतर पिपला हात लावण्याआधी 'पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्शन कायरो' चालवून बघा. आकडा आला तर बिल्ड होणार. नाही आला तर पिपच्या लांबलचक लॉगमध्ये डोकं घालू नका, कारण अडचण पायथनच्या बाहेर आहे. 'पायथन डॉट एच' सापडत नाही असा एरर आला, तर मात्र पायथनचं डेव्हलपमेंट पॅकेज राहिलंय.

कोंडा (आणखी एक पॅकेज मॅनेजर) एन्व्हायर्नमेंट चालू असेल तर 'विच पीकेजी-कॉन्फिग' करून बघा. कोंडाचा पीकेजी-कॉन्फिग पुढे येतो, सिस्टिमची कायरो त्याला दिसत नाही, आणि माणूस तेच पॅकेज पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो.

सफरचंदी

मॅकचं मी सांगते. तुमच्या एररमध्ये कंसात 'हॅव' आणि 'नीड' असे दोन शब्द असतील. 'हॅव' म्हणजे जी फाइल सापडली तिचं आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार), 'नीड' म्हणजे चालू असलेल्या पायथनला हवं ते. एकीकडे एक्स८६_६४ (इंटेल) आणि दुसरीकडे एआरएम६४ (अ‍ॅपल सिलिकॉन) दिसत असणार.

अ‍ॅपल सिलिकॉनवर होमब्रूचं (मॅकवरच्या पॅकेज मॅनेजरचं) घर '/ऑप्ट/होमब्रू' आहे आणि इंटेल मॅकवर '/यूएसआर/लोकल'. जुन्या मॅकवरून सगळा डेटा नव्यावर आणला असेल तर इंटेलचं होमब्रू रोझेटाखाली (इंटेलचे प्रोग्राम चालवणारी अ‍ॅपलची सोय) चालतच राहतं आणि दोन्ही घरं एकाच मशीनवर नांदतात. 'विच ब्रू' करा, आणि पायथनमध्ये 'प्लॅटफॉर्म डॉट मशीन' काय म्हणतं ते बघा. दोन्हींची उत्तरं एकाच आर्किटेक्चरची हवीत. मग 'एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल', 'ब्रू इन्स्टॉल कायरो पीकेजीकॉन्फ', नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, आणि त्यात पायकायरो.

पुन्हा बिल्ड करताना पिपला '--नो-कॅश-डिर' जरूर द्या. सोर्सवरून एकदा बनवलेलं व्हील पिप स्वतःकडे जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी न विचारता तेच देतो. तुम्हाला वाटतं नवीन बिल्ड झालं, हातात पडतं जुनंच.

खिडकीपलीकडे

विंडोजवर तयार व्हील चालतंय तर सोर्सच्या वाटेला जाऊच नका. अगदीच जायचं झालं तर आधी एक ठरवा: पायथन कुठला? अधिकृत साइटवरचा पायथन मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बनलेला असतो. त्याच्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्स आणि व्हीसीपीकेजी या पॅकेज मॅनेजरमधली कायरो हा मार्ग. एमएसवायएस२ (विंडोजवरचं लिनक्ससारखं वातावरण) चा पायथन वेगळा, त्याच्या पॅकमन या पॅकेज मॅनेजरमध्ये पायकायरो आयतं मिळतं. एकाचं एक्स्टेन्शन (पायकायरोसारखं कंपाइल केलेलं मॉड्यूल) दुसऱ्यात घालू नका.

'डीएलएल लोड फेल्ड' आलं (डीएलएल म्हणजे विंडोजवरची शेअर्ड लायब्ररी) की बरेच जण 'पाथ' बदलायला धावतात. पायथन ३.८ पासून एक्स्टेन्शन मॉड्यूलला लागणाऱ्या डीएलएल 'पाथ'मध्ये शोधल्याच जात नाहीत. इम्पोर्टच्या आधी 'ओएस डॉट अ‍ॅड_डीएलएल_डिरेक्टरी' वापरून फोल्डर सांगावं लागतं. कुठली डीएलएल कमी पडतेय ते 'डम्पबिन /डिपेंडंट्स'मध्ये दिसतं.

तिरकी_रेघ

मनापासून आभार. उबंटूवर आकडा आला आणि पायकायरो पहिल्याच फटक्यात बसलं. मॅकवर सफरचंदी म्हणाल्या तसंच निघालं, होमब्रू दोन होते.

आता दोन नवे प्रश्न. एका जुन्या लिनक्स मशीनवर दुसरीकडे बनवलेलं व्हील नेलं तर 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' येतंय. आणि आकृत्यांवरची मराठी नावं मोडून येताहेत. 'किरण' लिहिलं की वेलांटी 'क'च्या पुढे उभी राहते, जोडाक्षरांत हलन्त दिसतो. बिल्डमध्ये काही राहिलं का?

मेकफाइल

पहिल्याचं उत्तर आवृत्तीत आहे. पायकायरोत 'कायरो_व्हर्शन_स्ट्रिंग' दोन रूपांत मिळते. मोठ्या लिपीतला स्थिरांक सांगतो कंपाइल करताना कुठल्या आवृत्तीची हेडर होती. छोट्या लिपीतलं फंक्शन सांगतं आत्ता प्रत्यक्ष कुठली कायरो लोड झाली. दोन्ही छापून बघा. जुन्या हेडरवर बनवलेलं बाइंडिंग नव्या कायरोवर चालतं, कारण कायरोने मागची सुसंगती सांभाळली आहे आणि फाइल अजून 'लिबकायरो डॉट एसओ डॉट २'च आहे. उलटं चालत नाही: १.१८ च्या हेडरवर बनलेलं १.१६ समोर ठेवलं की नवी फंक्शनं सापडत नाहीत. तुमच्याकडे इम्पोर्टच होत नसल्यामुळे बनवलेल्या मशीनवर स्थिरांक बघा आणि जुन्या मशीनवर पीकेजी-कॉन्फिग किंवा पॅकेज मॅनेजरला आवृत्ती विचारा. व्हील नेहमी तुमच्याकडच्या सगळ्यात जुन्या लिनक्सवर बनवा.

वेलांटी

मराठी अक्षरांचं बिल्डशी काही देणंघेणं नाही. तुम्ही 'शो_टेक्स्ट' वापरत असणार. कायरोच्या दस्तऐवजातच त्याला 'टॉय' म्हटलंय. ते एकेका वर्णाला एकेक ग्लिफ (फॉन्टमधला अक्षराचा आकार) देतं आणि ओळीने मांडतं. ऱ्हस्व वेलांटी युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवलेली असते आणि डोळ्यांना आधी दिसायला हवी. ही हलवाहलव, जोडाक्षरं, रफार हे सगळं शेपिंगचं काम आहे, ते हार्फबझ नावाची लायब्ररी करते. कायरोवर ते आणायचं तर पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी घ्या आणि तिला कायरोशी जोडणाऱ्या पँगोकायरोतून मजकूर काढा. हा बदल नक्की करा. वाचकापुढे मोडकी अक्षरं ठेवायची नाहीत, आकृती कितीही नेटकी असो.

पायथनातून पँगो म्हटलं की तिच्यापर्यंत पोचवणारं पायजीऑब्जेक्ट आलं, आणि तेही सोर्सवरूनच बिल्ड होतं. इथे एक अडचण हमखास येते. पायजीऑब्जेक्ट ३.५२ पासून 'जीआयरिपॉझिटरी-२.०' मागतं, आणि ते जीलिब (लिनक्स डेस्कटॉपची एक पायाभूत लायब्ररी) २.८० पासून जीलिबच्याच सोर्समध्ये आलंय. उबंटू २४.०४ वर 'लिबजीआयरिपॉझिटरी-२.०-डेव्ह' घातलं की भागतं. २२.०४ वर जीलिब जुनी आहे, तिथे पायजीऑब्जेक्ट ३.५० वर थांबवा आणि 'लिबजीआयरिपॉझिटरी१.०-डेव्ह' घ्या. जीलिब हाताने वर चढवू नका, अख्खा डेस्कटॉप तिच्यावर उभा आहे. चालवताना पँगोची टाइपलिब फाइलही (तिच्यातली फंक्शनं पायजीऑब्जेक्टला सांगणारी) लागते, उबंटूवर ती 'जीआयआर१.२-पँगो-१.०' मध्ये असते.

सीएफएफआय_प्रेमी

एवढा खटाटोप कशाला? कायरोसीएफएफआय घ्या. एपीआय जवळजवळ पायकायरोसारखाच, कंपाइल काहीच करावं लागत नाही, चालू असताना ती थेट शेअर्ड लायब्ररी उघडते.

मेकफाइल

चांगला पर्याय आहे, पण यांच्यासाठी मी सुचवणार नाही. पायजीऑब्जेक्टला पायकायरोचे ऑब्जेक्ट लागतात, त्यामुळे पँगोकडे जायचं तर पायकायरो हवंच. शिवाय मॅकवर ती '/ऑप्ट/होमब्रू'मधली कायरो बऱ्याचदा शोधू शकत नाही आणि 'नो लायब्ररी कॉल्ड कायरो' म्हणत थांबते. कंपाइल करणं टळतं, लायब्ररी शोधणं टळत नाही. मजकुराची गरज नसेल आणि लिनक्सच असेल, तर मात्र कायरोसीएफएफआय खुशाल वापरा.

तिरकी_रेघ

'किरण' आता पँगोतून व्यवस्थित आलं! जुन्या मशीनवर व्हील बनवल्यावर तेही चाललं. एकच शेवटचं: एका गणनयंत्रणेवर कायरो १.१६ आहे, ती बदलायचा अधिकार मला नाही, आणि १.१८ मधली एक सोय हवीच आहे. तिथे काय करू?

मेकफाइल

तिथे मात्र कायरो स्वतः बिल्ड करा, फक्त आपल्या होम फोल्डरमध्ये. १.१८ पासून बिल्डसाठीचं जुनं ऑटोटूल्स गेलं, आता मेसनच. 'मेसन सेटअप बिल्ड --प्रीफिक्स' पुढे होममधला फोल्डर, सोबत '-डीटेस्ट्स=डिसेबल्ड', मग निंजाने (मेसनसोबत चालणारं बिल्डचं साधन) बिल्ड आणि इन्स्टॉल.

मग 'पीकेजी_कॉन्फिग_पाथ' (पीकेजी-कॉन्फिगने '.पीसी' फायली कुठे शोधायच्या ते) ठेवाल तेव्हा जरा जपून. सवयीने 'लिब/पीकेजीकॉन्फिग' लिहिलं जातं, पण डेबियन-उबंटूवर मेसन फायली 'लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू'मध्ये ठेवतो आणि फेडोरा गटात 'लिब६४'मध्ये. फाइल नक्की कुठे पडली ते 'फाइंड'ने बघा. किंवा सेटअपलाच '--लिबडिर=लिब' द्या.

मग '--नो-बायनरी' आणि '--नो-कॅश-डिर' देऊन पायकायरो पुन्हा बिल्ड करा. चालवताना 'एलडी_लायब्ररी_पाथ'मध्ये (लायब्ररी आधी कुठे शोधायच्या ते) तुमची 'लिबकायरो' पडली तो फोल्डर हवा, पण तो फक्त तुमच्या साधनाच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ठेवा. शेलच्या सेटिंगमध्ये घातलात तर तुमच्या लॉगिनमधले बाकीचे प्रोग्रामही तुमचीच कायरो उचलतील. शेवटी बनलेल्या पायकायरो मॉड्यूलवर 'एलडीडी' (कुठल्या लायब्ररी उघडल्या जातात ते दाखवणारी आज्ञा) चालवा, 'लिबकायरो'समोर तुमच्या फोल्डरचा पत्ता दिसला पाहिजे.

सफरचंदी

मॅकवर 'एलडीडी' नाही, तिथे 'ओटूल -एल' वापरा. आणि मॅकवाल्या प्रत्येकाला होमब्रू लावायला लावू नका. एका मशीनवर व्हील बनवा आणि 'डेलोकेट' चालवा, तो कायरो आणि तिच्या सोबतच्या लायब्ररी व्हीलमध्येच भरतो. लिनक्सवर हेच काम 'ऑडिटव्हील' करतो. एकच पथ्य: पायजीऑब्जेक्ट वापरणाऱ्यांना असं भरलेलं व्हील देऊ नका. पँगो सिस्टिमची कायरो उघडेल, पायकायरो व्हीलमधली, आणि एकाच प्रोग्राममध्ये दोन कायरो आल्या की कुठे कोसळेल याचा नेम नाही. नुसत्या आकृत्या काढणाऱ्यांना मात्र ते बिनधास्त द्या.