व्यंगचित्रकारांनी चित्रांतून सांगितलेली स्वतःची आयुष्यं: पुढे काय वाचू?

उन्हाळी_वाचक

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, त्रिमूर्तीनगरात राहते. आत्मचरित्रं हा माझा जुना नाद. 'स्मृतिचित्रे' तर कितीदा वाचलं असेल. मे महिन्यात भाचा सुट्टीला आला होता, त्याच्या बॅगेत 'पर्सेपोलिस' सापडलं. अख्खं पुस्तक कॉमिकसारखं, इराणमधल्या एका मुलीचं लहानपण, तिनंच लिहिलेलं आणि तिनंच काढलेलं. दुपारी उन्हात बाहेर पडायची सोय नव्हती. कूलरसमोर बसून सहज उघडलं आणि खाली ठेववेना.

तर असंच आणखी हवंय. चित्रकारानं स्वतःच्या घरादाराबद्दल, आईवडिलांबद्दल सांगितलेलं. माझं इंग्रजी वर्तमानपत्र वाचण्यापुरतं आहे, फार जड नको. भाचा सोळा वर्षांचा आहे, पुस्तकं त्याच्याही हातात जाणार, हे लक्षात घेऊन सांगा. आणि नागपुरात कुठे चाळायला मिळतील का? न बघता एवढे पैसे घालवायचं जिवावर येतं.

धरमपेठकर

ताई, आधी एक सांगा. तुमचं पुस्तक विमानतळावर संपलं का? मुलगी निघालीय, वळून बघते तर आई बेशुद्ध पडलीय आणि वडिलांनी तिला उचलून धरलंय? तसं असेल तर तुमचं अर्धंच वाचून झालंय. मार्जान सत्रापीनं हे मूळ फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत काढलं, इंग्रजीत त्याचे दोन भाग झाले. दुसऱ्यात ती चौदाव्या वर्षी व्हिएन्नात एकटी पडते, तिथून परत तेहरानला येते, तिथेही परकीच राहते. सगळं एका जिल्दीत असलेली आवृत्ती मिळते. आधी ती घ्या.

उन्हाळी_वाचक

हो, तिथेच संपलं! आणि मी समजत होते की शेवटच असा केलाय. धन्यवाद दादा.

महालातला

ताई, इंग्रजीचं टेन्शन कायले घेता. रियाद सत्तूफचं 'द अरब ऑफ द फ्यूचर' घ्या. वडील सिरियाचे, आई फ्रान्सची, आणि हे पोरगं लिबिया, सिरिया, फ्रान्स असं फिरत मोठं होते. वाक्यं छोटी, भाषा एकदम सोपी. मले सगळ्यात आवडली ती रंगाची गंमत. लिबियातली पानं पिवळी, सिरियातली गुलाबी, फ्रान्समधली निळी. पान उलटलं की आपण कोणत्या देशात आहो ते वाचायच्या आधीच समजते. लेखक आता व्यंगचित्रकार आहे, पण पुस्तकात सगळं त्या लहान पोराच्या उंचीवरून दिसते. मोठ्या माणसांचे घामाचे, अत्तराचे वास त्याच्या बरोबर ध्यानात राहतात. वडील तर असे रंगवले आहेत नं, राग येते आणि लळाही लागते. मूळ फ्रेंचमध्ये २०१४ ते २०२२ सहा भाग आहेत, पण पहिला वाचून थांबलं तरी चालते. भाच्यालाही द्या.

रेघोटी

ताई, मी चित्रकलेची विद्यार्थिनी, सध्या शिकवते. पुस्तकांची नावं इथे येतीलच, मी एक वेगळंच सांगते. आपण मराठी वाचक आत्मचरित्र शब्दांसाठी वाचतो. त्यामुळे कॉमिक हातात आलं की संवादांचे फुगे वाचत पळत सुटतो आणि निम्मं पुस्तक मागे राहतं.

तुमच्याकडे 'पर्सेपोलिस' आहेच, तर त्यातलं किल्लीचं प्रकरण पुन्हा उघडा. युद्धावर जाणाऱ्या गरीब घरच्या पोरांना सोनेरी रंगाची प्लास्टिकची किल्ली दिलेली असते, स्वर्गाचं दार उघडायला. त्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर वर एक मोठी चौकट आहे. भूसुरुंगांवर उडालेली पोरं, नुसत्या काळ्या आकृत्या, चेहरे नाहीत, प्रत्येकाच्या गळ्यात किल्ली. आणि खाली छोट्या चौकटीत मार्जी तिच्या पहिल्या पार्टीत नाचतेय, अंगात आईनं विणून दिलेला भोकाभोकांचा स्वेटर. आता वरच्या पोरांचे हातपाय कसे फेकलेत ते बघा आणि खाली नाचणाऱ्यांचे बघा. त्याच ठेवणी! तिकडे लोक मरत असताना आपण मजा करत होतो, असं वाक्य तिनं कुठेही लिहिलेलं नाही. दोन चौकटी एकाखाली एक ठेवल्या, बस्स. गद्यात हे करायला लेखकाला परिच्छेदभर झगडावं लागलं असतं, आणि तरी ते समजावून सांगितल्यासारखं झालं असतं.

म्हणून माझा आग्रह: पुढचं पुस्तक कुठलंही घ्या, पण एकदा कथेसाठी वाचा आणि एकदा मजकुराकडे न बघता नुसती चित्रं बघत जा.

यादीत आर्ट स्पीगलमनचं 'माउस' हवंच. वडील नाझींच्या ऑश्विट्झ छळछावणीतून वाचलेले, मुलगा न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवून बसतो. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. पहिला भाग १९८६ चा, दुसरा १९९१ चा. १९९२ साली त्याला पुलित्झरचं खास पारितोषिक मिळालं. दुसऱ्या भागात एका ठिकाणी स्पीगलमन स्वतः ड्रॉइंग टेबलाशी बसलाय, चेहऱ्याला उंदराचा मुखवटा दोरीनं बांधलेला, आणि टेबलाखाली प्रेतांचा ढीग. पहिला भाग गाजलाय आणि हा माणूस तिथे अडकून बसलाय. आईवडिलांच्या दुःखावर आपलं नाव झालं, याचं काय करायचं, हा प्रश्न एवढ्या उघडपणे विचारलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. वडिलांची भाषा मुद्दाम मोडकी ठेवलीय, पहिल्या दहा पानांत सवय होते. २०२२ साली अमेरिकेत टेनेसीमधल्या एका शाळा मंडळानं शिव्या आणि नग्नतेचं कारण देऊन ते अभ्यासक्रमातून काढलं. सोळा वर्षांच्या मुलाला मी ते निःशंक देईन. फक्त वाचून झाल्यावर त्याच्याशी बोला.

ॲलिसन बेक्डेलचं 'फन होम' (२००६) मात्र तुम्ही एकट्यानं वाचा, आणि घाई करू नका. वडील, त्यांचं लपवलेलं आयुष्य आणि मुलीचं स्वतःचं समलिंगी असणं. अप्रतिम आहे, पण इंग्रजी जड, जॉइस आणि प्रूस्त या लेखकांचे संदर्भ सतत. काही प्रसंग मोकळेपणानं काढलेत.

लेखणीबहाद्दर

एवढं परदेशी कशाला? शि. द. फडणीसांचं 'रेषाटन' वाचा. मराठीत आहे, व्यंगचित्रकाराचंच आत्मकथन आहे.

रेघोटी

काका, 'रेषाटन' माझ्याही आवडीचं आहे आणि ताईंनी वाचावंच. पण ते गद्य आहे, सोबत चित्रं आहेत. ताई विचारतायत त्यात चित्रांतूनच गोष्ट पुढे सरकते. आर. के. लक्ष्मण यांचं आत्मचरित्रही गद्यातच आहे. शब्दाशिवाय हसवणाऱ्या फडणीसांनी स्वतःचं लहानपण चौकटींत मांडलं असतं तर काय बहार आली असती, असं मला खरंच वाटतं.

अजनीवाला

आपल्या देशातलं हवं असेल तर मलिक सजादचं 'मुन्नू' (२०१५). श्रीनगरमधलं बालपण, शाळकरी वयातच वर्तमानपत्रासाठी व्यंगचित्रं काढणारा मुलगा. काश्मिरी माणसं त्यानं हांगुल, म्हणजे तिथल्या हरणाच्या रूपात काढलीत. 'माउस'नंतर लगेच वाचलं तर दोन्ही जास्त कळतात.

आणि नागपुरात राहून गोंड चित्रकारांना विसरून कसं चालेल? हे शहर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शहानं. वेंकट रमण सिंह श्यामचं 'फाइंडिंग माय वे' (२०१६) हे मंडला-दिंडोरीकडच्या परधान गोंड चित्रकाराचं आयुष्य आहे. दिल्लीत सायकलरिक्षा ओढण्यापासूनचं सगळं त्यात येतं. भज्जू श्यामचं 'द लंडन जंगल बुक' तर घरातल्या लहानांनाही दाखवा. लंडनला काम करायला गेलेल्या माणसाला तिथला बिग बेन कोंबड्यासारखा दिसतो, कारण वेळ सांगायचं काम त्याच्या गावात कोंबडा करतो.

'भीमायन' (२०११) आत्मचरित्र नाही, पण बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या स्वतःच्या आठवणींवर उभं आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी त्यात चौकोनी चौकटी वापरल्याच नाहीत; घराच्या भिंतीवर काढतात त्या दिग्ना नक्षीनं पान विभागलंय. साध्या माणसांचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, आणि विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. एकदा ते दिसलं की मसूरच्या स्टेशनावरचा लहानपणचा प्रसंग वाचताना अंगावर येतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तेव्हा तिथे विचारा.

रात्रपाळी

ताई, तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर रॉझ चास्टचं 'कान्ट वी टॉक अबाउट समथिंग मोअर प्लेझंट?' (२०१४) वाचा. 'न्यूयॉर्कर' या अमेरिकी नियतकालिकाची व्यंगचित्रकार, एकुलती एक मुलगी, नव्वदी ओलांडलेले आईवडील. मृत्यूचा विषय काढला की दोघंही बोलणं टाळतात, पुस्तकाचं नाव त्यावरूनच आलंय. कागदपत्रं, वृद्धाश्रमाचा खर्च, आईवरचा जुना राग, काहीच झाकलेलं नाही. मी वडिलांचं तीन वर्षं सगळं केलं. त्या काळात चिडल्याबद्दल जी टोचणी होती, ती या बाईनं आधीच कागदावर मांडून ठेवलेली दिसली.

एक गोष्ट रेघोटीताईंच्या मुद्द्याला धरून. पुस्तकभर तिची रेघ थरथरती, विनोदी आहे. शेवटी मृत्युशय्येवरच्या आईची चित्रं येतात तिथे ती रेघ एकदम बदलते. विनोद नाही, फुगा नाही, समोर बसून काढलेला थकलेला चेहरा. त्या पानांना घाई करू नका.

उन्हाळी_वाचक

रात्रपाळी, माझ्या सासूबाई आमच्याकडेच आहेत, ८८ वर्षांच्या. तुमचं पुस्तक सगळ्यात आधी मागवते. चाळायला कुठे मिळेल त्याचंही सांगा ना कुणीतरी.

धरमपेठकर

सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे 'माउस' किंवा 'पर्सेपोलिस' नशिबानं हाताला लागतं, पण छपाई नीट बघून घ्या. पायरेटेड प्रतींत काळा रंग राखाडी होतो आणि बारीक रेघा भरून जातात. दीक्षित वाचनालयात मागणी नोंदवून बघा. चार जणांनी मागितलं तर आणतीलही. न बघता पैसे घालवायचे नसतील तर ई-बुकचा मोफत नमुना उतरवा, पण टॅबवर किंवा कॉम्प्युटरवर उघडा. मोबाइलवर पान तुकड्यातुकड्यांत दिसतं, आणि वर सांगितलेलं किल्लीचं पान तसं बघून काहीच हाती लागणार नाही.

महालातला

ताई, सत्तूफचा पहिला भाग माझ्याकडे आहे. रविवारी त्रिमूर्तीनगरकडे येणंच आहे, निरोप टाका, देऊन जातो. चास्टचं वाचून झालं की मले द्या.