मदत हवी आहे: किरकोळ धडकेनंतर जुनी आयकॉन चालूच होत नाही

नमस्कार मंडळी,

गाडी फोर्ड आयकॉन १.३ पेट्रोल, २००६ चं मॉडेल. बाबांनी घेतलेली, त्यांच्या पश्चात मी वापरतो. गेल्या आठवड्यात सिन्नरच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये थांबलो असताना मागून पिकअप येऊन धडकली आणि गाडी पुढच्या टेम्पोवर ढकलली गेली. कुणाला खरचटलंही नाही. पुढचा बंपर फुटला, जाळी आत गेली, डिकीचं झाकण दबलं. इंजिन त्याच क्षणी बंद पडलं, ते अजून चालू झालेलं नाही.

दिवे नेहमीसारखे लागतात, हॉर्न जोरात वाजतो, स्टार्टरही दमदार फिरतो. पण इंजिन पकडत नाही, एकदाही फुरफुरत नाही. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पूर्वीसारखाच लागून विझतो. टाकीत पेट्रोल अर्ध्याच्या वर आहे. आधी चावी ऑनवर आणली की मागच्या सीटखालून क्षणभर बारीक घूं असा आवाज यायचा, तो आता येत नाही.

गॅरेजवाल्यांनी एक स्पार्क प्लग काढून पाहिला, तो कोरडा निघाला. ते म्हणतात, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला, जुना आणून बसवू. खर्च वीस हजारांच्या घरात सांगतात. विमा फक्त थर्ड पार्टी आहे. एवढ्याशा धक्क्याने ईसीएम जातो का? आईला दवाखान्यात न्यायला हीच गाडी आहे आणि बाबांची आठवण म्हणून ती भंगारात घालायची माझी अजिबात इच्छा नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद:

ईसीएमचे पैसे आत्ता देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत: घूं आवाज गेला आणि प्लग कोरडा. तो आवाज टाकीतल्या फ्युएल पंपाचा. चावी ऑन केली की पंप सेकंद-दोन सेकंद चालून लाइनमध्ये दाब भरतो. स्पार्क नसता तर इतका स्टार्टर फिरवल्यावर प्लग पेट्रोलने ओला निघाला असता. म्हणजे पेट्रोलच पोचत नाहीये.

धडकेनंतर असं झालं की पहिला संशय इनर्शिया स्विचवर. त्याच्या आत एक पोलादी गोळी चुंबकाने जागेवर धरलेली असते. धक्का बसला की गोळी सुटते, वरची पट्टी उडवते आणि पंपाचा करंट तोडते. अपघातात पाइप फुटला असेल तर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये, यासाठी ही सोय. म्हणजे स्विच बिघडलेला नसतो, त्याने आपलं काम केलेलं असतं. कुठल्या गाडीत तो पायाशी बाजूच्या पॅनलआड असतो, कुठे ग्लोव्हबॉक्सखाली, कुठे डिकीत. नेमकी जागा मॅन्युअलमध्ये सापडेल. वरचं बटण उडालेलं असेल तर दाबलं की झालं.

पण दाबण्याआधी बॉनेट उघडा, गाडीखाली वाका, टाकीपासून इंजिनपर्यंत कुठे ओल किंवा पेट्रोलचा वास आहे का ते नीट पाहा. तुम्हाला मागूनही धडक बसली आहे, त्यामुळे टाकीजवळचे पाइप विशेष तपासा. वास आला तर बटणाला हात लावू नका.

बटण उडालेलं नसेल तर पंपाचा फ्यूज बघा, मग पंपाचा रिले (पंपाला करंट देणारा छोटा विद्युत स्विच) त्याच जातीच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघा. तरीही आवाज नाही आला तर टेस्ट लॅम्प लावून पंपापर्यंत करंट कुठे तुटतो ते शोधावं लागेल. या सगळ्यानंतर ईसीएम. आणि कुणी स्विचच्या दोन वायर जोडून डायरेक्ट करून देतो म्हणालं तर साफ नकार द्या. पुढच्या अपघातात आग लागू शकते.

धागाकर्ता:

मनापासून आभार! बटण उडालेलंच होतं. टॉर्च घेऊन सगळे पाइप पाहिले, वास कुठेच नाही. दाबल्यावर घूं आवाज आला आणि दुसऱ्या फेरीला गाडी चालू झाली. आईला लगेच फोन केला.

मात्र थोड्या वेळाने रेडिएटरखाली हिरवट थेंब दिसले, म्हणून बंद केली. खालच्या होजजवळ (रबरी नळीजवळ) ओल आहे. पाणी भरून नाशिकपर्यंत हळू चालवत नेऊ का?

प्रतिसाद:

नको. टो करून न्या. ही गळती धडकेचीच असणार आणि चालत्या गाडीत ती कधी वाढेल सांगता येत नाही. पाणी संपलं की इंजिन तापतं आणि इंजिनचा वरचा भाग, म्हणजे अल्युमिनियमचं हेड, एकदा वाकलं की रेडिएटरच्या कितीतरी पट खर्च येतो. आधी रेडिएटर आणि होज दाबाखाली तपासून घ्या. पंखा आत दबलेल्या भागाला घासत नाही ना, तेही त्याच वेळी बघायला सांगा.