अर्धांगवायूनंतर तोल सांभाळण्यासाठी वॉकर घ्यावा की चार पायांची काठी?

पेठेतला_मुलगा: चार महिन्यांपूर्वी माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांची डावी बाजू अधू झाली. आता ते उभे राहतात, पण वळताना तोल जातो आणि डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो. ताटात डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर तशीच राहते. डोळे तपासले, त्यांत दोष नाही. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि जिना अरुंद आहे. ५,००० रुपयांत काय घ्यावे?

कोथरूडकर: आम्ही आईसाठी विजेवर वर-खाली होणारी खाट घेतली आणि तिचा फार उपयोग झाला. आजारपणात पैशांकडे पाहू नये.

निवृत्त_शिक्षिका: आमच्या यजमानांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकरनेच त्यांना चालते केले, तेव्हा तुम्हीही वॉकरच घ्यावा.

धायरीची_सून: ताई, वॉकर दोन्ही हातांनी उचलावा लागतो. माझ्या सासूबाईंची डावी मूठ वळत नसल्याने तो एका बाजूला ओढला जाई आणि एकदा त्या वॉकरसकट पडल्या. काठी चांगल्या हातात, म्हणजे तुमच्याकडे उजव्या हातात, द्यावी आणि हात सरळ सोडला असता तिची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. ताटाचे म्हणाल तर ती नावड नसावी. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कित्येकांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही; चौकटीचा धक्काही त्यातलाच असू शकतो. हे फिजिओथेरपिस्टना आवर्जून सांगा.

जुना_वाडेकरी: काठी अधू बाजूलाच हवी, कारण आधाराची गरज तिलाच असते. शिवाय मला दुकानदाराने चार पायांची काठी गळ्यात मारली. तिचे चारही पाय आमच्या पायरीवर मावत नाहीत.

धायरीची_सून: काका, अधू पाय पुढे पडताना भार विरुद्ध बाजूच्या काठीवर जातो, म्हणून ती चांगल्या हातातच हवी. जिन्याबाबत मात्र तुमचे खरे आहे. तिथे कठडा धरून चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना अधू पाय आधी टाकावा, तसेच उठवताना अधू हात कधीही ओढू नये, कारण खांदा निखळू शकतो.

निवृत्त_शिक्षिका: तरीही वॉकर हवाच, असे मला वाटते.

पेठेतला_मुलगा: सर्वांचे आभार. वडील सर्वांत जास्त वेळा न्हाणीघरात आणि खुर्चीवरून उठताना डगमगतात, त्यामुळे तूर्त वॉकर नाही आणि काठीही नाही. या पैशांत भिंतीला दोन दांडे आणि हातांची भक्कम लाकडी खुर्ची घेणार आहे. काठीचे फिजिओथेरपिस्ट त्यांना चालवून पाहतील, मग ठरवू.

जुना_वाडेकरी: वाड्याच्या मातीच्या भिंतीत साधे स्क्रू भार धरत नाहीत, माझा दांडा पोपड्यासकट हातात आला होता. गवंड्याकडून भिंत ठोकून पाहा आणि बोल्ट आरपार घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावून घ्या.